नायिकेची अट : ‘मानापमान’ ते ‘आंधळ्यांची शाळा’

प्रास्ताविक

‘मर्यादा’ हा शब्द मराठीत स्त्रीच्या संदर्भात येतो तेव्हा त्याची दिशा बहुधा ठरलेली असते. मर्यादा पाळायची ती स्त्रीने, आणि ती आखून द्यायची ती इतरांनी. याच्या उलट घडले, म्हणजे प्रेमात किंवा लग्नाच्या बोलणीत स्त्रीनेच पुरुषाच्या वर्तनाला मर्यादा घातली, काही किमान अपेक्षा ठेवल्या आणि त्या पुऱ्या होत नाहीत असे दिसताच माघारी फिरण्याची तयारी दाखवली, तर त्या कृतीसाठी आपल्या भाषेत असलेले शब्द निराळे आहेत : तोरा, ताठा, मिजास, नखरे. पुरुषाने हेच केले तर त्याला बाणेदारपणा म्हणतात. भाषेतील हा पक्षपात नाट्यवाङ्मयात कसा उतरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मुख्यतः कृ. प्र. खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ (१९११) आणि श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) हे रूपांतर व त्याचे मूळ नॉर्वेजियन नाटक यांचा आधार घेतला असून, राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा (१९१९) विचार या दोहोंच्या दरम्यान केला आहे.

मराठी नाटकातील स्त्रीचा विचार आजवर बहुधा ‘सोशिक’ आणि ‘बंडखोर’ अशा दोन कप्प्यांत झाला. अट घालणारी नायिका या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. ती नाते नाकारत नाही. ते कोणत्या पायावर उभे राहावे याविषयी तिचे काही म्हणणे असते. म्हणून तिने नकार दिला की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो नकार उच्चारला गेल्यानंतर नाटककार त्याचे काय करतो, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

‘शारदा’ची पार्श्वभूमी

गो. ब. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) अटीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण शारदेला कोणी विचारतच नाही. वृद्ध भुजंगनाथाशी ठरलेले तिचे लग्न मोडते, तेही तिच्या अनिच्छेमुळे नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून. देवलांची करुणा निःसंशय शारदेच्या बाजूची आहे. परंतु नाटकाला तिची सुटका करण्यासाठी शास्त्राचाच आधार शोधावा लागला. मुलीला हा वर नको आहे, हे कारण १८९९ च्या रंगभूमीवर लग्न थांबवण्यास पुरेसे नव्हते.

‘मानापमान’ : एकाच कृतीची दोन नावे

यानंतर बारा वर्षांनी, १२ मार्च १९११ रोजी, किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. येथील भामिनीला वडील विचारतात, आणि ती स्पष्ट नकार देते. शूर पण निर्धन सेनापती धैर्यधर हा जावई काकासाहेबांना पसंत आहे. भामिनीला त्याचे दारिद्र्य पसंत नाही. अपमानाने दुखावलेला धैर्यधरही मग धनिकाच्या या कन्येकडे पाठ फिरवतो. पुढे भामिनी वनमाला नावाच्या गरीब मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत जाते, त्याचे शौर्य आणि मनाचा मोठेपणा प्रत्यक्ष पाहते आणि त्याच्यावर अनुरक्त होते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर हा तिचा दुसरा उमेदवार भित्रा निघतो. या कथानकाचे रूढ वाचन असे की, धनाच्या गर्वाने आंधळी झालेली नायिका शौर्यापुढे नमते आणि तिचा गर्व उतरतो. वर्गातही हे नाटक बहुधा असेच शिकवले जाते.

या वाचनात नाटकाचा अर्धा भागच हाती लागतो. पहिल्या अंकात नकार दोघांनीही दिलेला आहे. भामिनी धैर्यधराला नाकारते ते त्याच्या निर्धनतेसाठी. धैर्यधर भामिनीला नाकारतो ते तिने केलेल्या अपमानासाठी. तिच्या नकाराला गर्व हे नाव मिळते आणि त्याच्या नकाराला स्वाभिमान. भामिनीचा निकष उथळ आहे, हे मान्यच करावे लागेल. वराची पारख त्याच्या संपत्तीवरून करण्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु निकष उथळ असणे आणि निकष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूढ वाचन पहिल्याला दोष देता देता दुसऱ्यालाही दोषी ठरवते. शिवाय त्या काळात, आणि पुढेही बराच काळ, मुलीच्या वडिलांनी वराची सांपत्तिक स्थिती पाहणे हा व्यवहार मानला जात असे. वडिलांच्या तोंडी जो व्यवहार, तोच मुलीच्या तोंडी गर्व कसा ठरतो, याचे उत्तर समीक्षेने क्वचितच मागितले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भामिनीचा निकष बदलतो तो उपदेशाने नव्हे. वडिलांचे ऐकून ती धैर्यधराला वरत नाही. ती स्वतः जाते, पाहते, पारखते आणि आधीचा निकष टाकून त्याहून कठीण निकष स्वीकारते. संपत्ती हा मोजण्यास सोपा गुण आहे. संकटात माणूस कसा वागतो हे पाहण्यासाठी त्याच्याजवळ जावे लागते. या अर्थाने ‘मानापमान’ची नायिका आपली अपेक्षा खाली आणत नाही, वर नेते. खाडिलकरांच्या कथानकातच हा अर्थ आहे; तो बाहेरून लादण्याची गरज नाही. मात्र हा शोध घेण्यासाठी तिला आपले नाव, घर आणि वस्त्रे बाजूला ठेवावी लागतात. भामिनी म्हणून ती धैर्यधराची पारख करू शकत नाही. तसे केले असते तर ती पुन्हा गर्विष्ठच ठरली असती. पारख करण्याचा अधिकार तिला वनमालेच्या, म्हणजे मान नसलेल्या मुलीच्या रूपातच मिळतो.

नायिकेचे नावही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘भामिनी’ या संस्कृत शब्दाचा कोशांतील अर्थ रागीट, कोपणारी स्त्री असा आहे. धैर्यधराचे प्रेम जडते ते वनमालेवर, आणि शेवटी त्याला कळते की वनमाला म्हणजे भामिनीच. ज्या स्त्रीने आपल्याला नाकारले तिच्यावरच आपण प्रेम केले, हे त्याला स्वीकारावे लागते. हा क्षण नाटकात आहे. पण प्रयोगाच्या परंपरेत तो पदांच्या लयीत वाहून गेला असावा. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, बालगंधर्वांची भामिनी आणि पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसह झालेला ‘संयुक्त मानापमान’ यांच्या आठवणींनी नाट्येतिहास इतका भरलेला आहे की, नाटकात कोण कोणाला कशासाठी नाकारते, हा तपशील गौण होऊन बसला. २०२५ साली या कथेवरून मराठी चित्रपटही आला. म्हणजे कथेचे आकर्षण शतकानंतरही ओसरलेले नाही.

बालगंधर्वांनीच पुढे ‘स्वयंवर’मधील (१९१६) रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’तील सिंधू रंगवली. रुक्मिणी भावाने ठरवलेल्या शिशुपालाला नाकारते आणि कृष्णाला स्वतः वरते. तिची निवड सर्वोच्च खरी. पण निवडलेला पुरुष साक्षात कृष्ण असल्यामुळे त्या निवडीची कसोटी कधी लागतच नाही. सिंधूचे तसे नाही.

सिंधूचे नकार

सिंधूला केवळ सोशिक म्हणणे अपुरे आहे. तिच्याजवळ नकार देण्याची शक्ती पुरेपूर आहे. माहेरच्या पैशाला स्पर्श न करण्याची शपथ ती निभावते, दळणकांडण करून पोट भरते, भावाच्या मदतीला नाही म्हणते. बाणा म्हणावा तर तो येथे आहे. प्रश्न एवढाच की, तिने आखलेली प्रत्येक रेषा सुधाकराच्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी आहे. सुधाकर आणि तिच्या स्वतःच्या दरम्यान एकही रेषा नाही. ती जगाला नकार देऊ शकते, नवऱ्याला नाही. गडकऱ्यांनी तळीरामाच्या बायकोला, गीतेला, रोखठोक बोलण्याची मुभा दिली आहे आणि तिच्या तोंडून दारुड्या नवऱ्याविषयी जे बोलले जाते ते प्रेक्षकालाही पटते. पण गीता दुय्यम पात्र आहे. प्रेक्षकाचे अश्रू सिंधूसाठी राखून ठेवलेले आहेत. हा अन्याय गडकऱ्यांच्या एकट्याचा नव्हे. त्या काळी शोकनाट्याची नायिका गीतेसारखी बोलली असती तर तिच्यासाठी कोणी रडले असते का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

‘हातमोजा’ नॉर्वेहून मुंबईत

नायिकेच्या अटीला नीतीच्या प्रश्नाचा दर्जा देणारे कथानक मराठी रंगभूमीवर आले ते परक्या भाषेतून. ब्यर्नस्टर्न ब्यर्नसन हा इब्सेनचा समकालीन नॉर्वेजियन नाटककार. त्याला १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे ‘एन हान्स्के’, म्हणजे ‘एक हातमोजा’, हे नाटक १८८३ मधले. इब्सेनची नोरा घराबाहेर पडली ती १८७९ मध्ये. नोरा लग्नानंतर आठ वर्षांनी जो प्रश्न विचारते, त्याच जातीचा प्रश्न ब्यर्नसनची नायिका लग्नाआधीच विचारते, हा त्यांच्यातील फरक.

स्वावा रीस ही सुखवस्तू घरातील तरुणी बालवाडीच्या कामात रमलेली आहे. आल्फ क्रिस्तेन्सेन या प्रतिष्ठित घरातील तरुणाशी तिचा वाङ्‌निश्चय झाला आहे. त्याचे पूर्वी एका स्त्रीशी संबंध होते असे तिला कळते आणि ती लग्नाला नकार देते. दोन्ही घरांतील वडीलधारी मंडळी समजूत घालतात. पुरुषाच्या बाबतीत एवढे मनावर घ्यायचे नसते, लोकांत बभ्रा होईल, असा एकूण सूर आहे. नाटकाचा कळसबिंदू दुसऱ्या अंकाच्या शेवटी येतो. आल्फच्या बोलण्यातून त्याचे तत्त्व स्पष्ट होते : स्त्रीने पुरुषाला आपला भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही द्यायचे, पुरुषाने स्त्रीला फक्त भविष्यकाळ द्यायचा. हे ऐकताच स्वावा हातातील मोजा त्याच्या तोंडावर फेकते.

मोजा केव्हा फेकला जातो, याकडे बारकाईने पाहावयास हवे. आल्फच्या पूर्वायुष्याची बातमी कळली तेव्हा स्वावा दुखावते, दूर होते; पण आव्हान देत नाही. आव्हान येते ते त्याने देण्याघेण्याचा हा विषम हिशेब न्याय्य म्हणून मांडल्यावर. म्हणजे तिची अट वरवर पाहता शुद्धतेची वाटली, तरी तिच्या मुळाशी एकाच मापाची मागणी आहे. तुला जे माझ्याकडून हवे तेच मला तुझ्याकडून हवे, एवढेच तिचे म्हणणे. या नाटकाने उत्तर युरोपात मोठा वाद पेटवला. गेओर्ग ब्रांडेससारख्या समीक्षकाने ब्यर्नसनच्या आग्रहाला विरोध केला. स्ट्रिंडबर्गनेही ही नीती मानली नाही. तिकडे क्रिस्तियानियातील बोहेमियन लेखकांना माप एकच हवे होते, पण ते सैल करून. ब्यर्नसनने १८८७-८८ मध्ये एकपत्नीत्व व बहुपत्नीत्व या विषयावर स्कँडिनेव्हियाभर व्याख्याने दिली. नाटकाचेही त्याने पुनर्लेखन केले. आधीच्या शेवटात समेटाची आशा शिल्लक होती. नंतरचे रूप अधिक कठोर झाले.

ब्यर्नसनची मर्यादाही येथेच दिसते. माप एक असावे हे तत्त्व आणि ते माप शारीरिक शुद्धतेचेच असावे हा आग्रह, यांतील अंतर त्याच्या मनात पुसट झाले होते. दुसऱ्याचा अट्टहास धरला तर स्त्रीवरची पाळत पुरुषावरही बसते, एवढेच साधते. स्वावाच्या व्यक्तिरेखेत मात्र याहून अधिक काही आहे आणि ते तिच्या आईच्या संदर्भात व्यक्त होते.

स्वावाच्या मनात पुरुषाविषयी जी उच्च अपेक्षा आहे तिचा नमुना म्हणजे तिचे वडील. आल्फला नाकारल्यानंतरच तिला समजते की, वडील स्वतः आईशी एकनिष्ठ नव्हते आणि आईने ते जाणूनही सारे झाकून ठेवले होते. मुलीला वडिलांविषयी आदर वाटावा, तिचे बालपण निर्मळ जावे, यासाठी आईने हे मौन पाळले. म्हणजे मुलीची उंच अपेक्षा आईच्या सोसण्यावर आणि एका असत्यावर उभी होती. आईने आपली रेषा पुसली नसती तर मुलीला इतकी ठळक रेषा आखताच आली नसती. तिसऱ्या अंकातील मायलेकींचे बोलणे हा या नाटकाचा सर्वांत खोल भाग आहे. मोजा फेकण्याच्या प्रसंगाची नाट्यमयता त्यापुढे फिकी वाटते. येथे नाटककार कोणाला दोषी ठरवत नाही. सिंधूचे एखादे मूल जगले असते, मोठे झाले असते आणि त्याने आईला प्रश्न विचारला असता, तर काय झाले असते, हा विचार ‘एकच प्याला’च्या वाचकाच्या मनात येथे डोकावल्याशिवाय राहत नाही.

‘आंधळ्यांची शाळा’ : तंत्राच्या आड गेलेला आशय

वर्तकांनी या नाटकाचे रूपांतर केले आणि नाट्यमन्वंतर या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत ते सादर केले. शीर्षकातील बदल बोलका आहे. मूळ शीर्षक नायिकेच्या कृतीची खूण आहे. मराठी शीर्षक समाजाच्या अवस्थेचे वर्णन आहे. हातमोजा फेकून आव्हान देण्याचा संकेत मराठी प्रेक्षकाला परका, म्हणून हा बदल समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे लक्ष नायिकेच्या हातावरून समाजाच्या डोळ्यांकडे वळले, हेही नाकारता येत नाही.

वाङ्मयेतिहासात ‘आंधळ्यांची शाळा’चे स्थान पक्के आहे, ते तंत्रासाठी. एका अंकात एकच प्रवेश, वास्तवदर्शी नेपथ्य, केशवराव भोळ्यांचे मोजके भावानुकूल संगीत, आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक या स्त्रिया, यांचा उल्लेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. आशय एका ओळीत उरकला जातो. वास्तविक यांतील शेवटचा मुद्दा आशयाशीच निगडित आहे. स्त्रिया रंगमंचावर येण्याची सुरुवात याआधीच झाली होती. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीचे उदाहरण समोर होते. परंतु भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू यांचे होकार-नकार ज्या रंगभूमीवर एका थोर पुरुष नटाच्या गळ्यातून ऐकू आले, त्याच रंगभूमीवर पुरुषालाही तेच माप लागू करा ही मागणी स्त्रीच्या आवाजात ऐकू येणे, हा केवळ प्रयोगतंत्राचा बदल म्हणता येत नाही.

त्या मागणीचे वजन कळण्यासाठी १९३३ चा कायदा आठवावा लागतो. त्या वेळी हिंदू पुरुषाला एकाहून अधिक विवाह करण्यास मुंबई इलाख्यात कायद्याची आडकाठी नव्हती. द्विभार्याप्रतिबंधक कायदा मुंबई प्रांतात १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला. देशभर हिंदू विवाह कायदा लागू झाला तो १९५५ मध्ये. भारतीय दंडसंहितेतील व्यभिचाराचे कलम ४९७ तर तक्रारीचा अधिकार नवऱ्यालाच देत होते, बायकोला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये रद्द केले. म्हणजे रंगमंचावरची नायिका जे माप मागत होती ते प्रेक्षागृहाबाहेर कोणत्याही दप्तरात नव्हते.

अटीची किंमत

स्वावाची अट तिला परवडते, कारण ती श्रीमंत बापाची मुलगी आहे. नकारानंतर तिच्यापुढे उदरनिर्वाहाचा प्रश्न नाही. ब्यर्नसनने न हाताळलेली ही बाजू मराठीत त्याच वर्षी, १९३३ मध्येच, एका कथासंग्रहाने उघड केली. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी लिहिलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ हा तो संग्रह. शिकलेल्या, काही कमावत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या या कथा आहेत. शिक्षणाने यांच्या मनात जोडीदाराविषयी काही कल्पना निर्माण केल्या. त्या कल्पनांना जुळणारा पुरुष समाजाने निर्माण केला नाही. मिळेल त्याच्याशी तडजोड करावी की वाट पाहावी, आणि वाट पाहण्याचे दिवस कसे काढावेत, या कोंडीतून हे लेखन येते. अपेक्षा ठेवणारी मुलगी येथे ताठ मानेने मिरवत नाही. ती रात्री जागी असते. त्या काळात या पुस्तकावर झालेला गदारोळ आणि लेखिका कोण याविषयीची उत्सुकता सर्वज्ञात आहे. एकाच वर्षातील या दोन कृती एकत्र वाचल्या जात नाहीत, याचे कारण बहुधा नाटक आणि कथा यांच्या अभ्यासपत्रिका वेगळ्या असतात, एवढेच असावे.

विभावरींच्या कथेतील कमावती अविवाहित स्त्री रंगभूमीच्या मध्यभागी ठळकपणे यायला बराच अवधी लागला. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील लीला बेणारे हीही शिक्षिका आणि अविवाहित. ती येते तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते. ज्याच्यामुळे तिला दिवस गेले तो विवाहित प्रोफेसर दामले नाटकात रंगमंचावर येतच नाही. आल्फ निदान स्त्रीला भविष्यकाळ देऊ करत होता. दामल्याने तेवढेही दिलेले नाही आणि अभिरूप न्यायालयातही त्याची खुर्ची रिकामीच राहते. बेणारेला आपले म्हणणे मांडण्यासाठी काशीकर दहा सेकंदांची मुदत देतात. त्यानंतरचे तिचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतो. रंगमंचावरील बाकीची पात्रे त्या वेळी जागच्या जागी थिजलेली असतात.